बेल्मीरोकाका घरात आहेत

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ अगदी नक्की आहे, कारण सर्वेक्षणाच्या फॉर्मच्या कोपऱ्यात ती लिहावी लागते आणि मी ती नुकतीच लिहिली होती. पाचव्या मजल्यावरचं डावीकडचं दार उघडलं आणि दारात योवाना उभी होती.

तिला मी आज पहिल्यांदा पाहिलं असं नाही. मी याच इमारतीत जन्मलो. आई इथली केअरटेकर, तळमजल्यावरची जागा आमची. वर बेल्मीरोकाकांकडे, म्हणजे आईच्या गावच्या म्हाताऱ्या गवंड्याकडे, दोन बोलिव्हियन बायका राहतात हे मला माहीत होतं, जिन्याखाली पाण्याचे मीटर आहेत हे माहीत असतं तसं. त्या लिफ्ट वापरत नाहीत, पहाटे भिंतीकडेने उतरतात, लोकांची घरं पुसायला जातात. आज पहिल्यांदा मी वर मान करून बघितलं.

"बेल्मीरो किंताश आहेत?" मी विचारलं.

"झोपलेत," योवाना म्हणाली.

त्याच क्षणी आतून तिची मावशी ओरडली, "बाजारात गेलेत!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग योवाना हसली. ते हसू! गाल लाल झाले, दाराची कड तिने घट्ट धरली होती. लाजली, दुसरं काय! मला अहो-जाहो करते, मी बावीसचा आणि ती एकोणतीसची असूनसुद्धा.

"पुन्हा येईन," मी म्हणालो.

"या ना," ती म्हणाली. "आईंना आमचा नमस्कार सांगा. आम्ही जिना घाण करत नाही हेही सांगा."

माझ्या आईची किती काळजी तिला!

१५ ऑक्टोबर

सर्वेक्षण युनिव्हर्सिटीतल्या पेरेंबाईंचं आहे. या शहरात परदेशातून आलेल्यांचं: शंभर पोर्तुगीज घरं, शंभर दक्षिण अमेरिकन घरं. कोण किती कमावतो, कुठे राहतो, मायदेशी काय पाठवतो. मी युनिव्हर्सिटी अर्ध्यावर सोडली तरी मला दोन्ही भाषा येतात, म्हणून काम मिळालं. (सोडली म्हणजे काय, वर्गात एका सरांनी आमच्या पोर्तुगीज लोकांना 'थोडक्यात समाधानी' म्हटलं; मी वही त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी परत जायला लाज वाटली. मग तिसऱ्या दिवशीही.)

सकाळी एर्मिनिओ प्लंबरकडे गेलो. "लिही," तो म्हणाला, "गावी घर. दोन मजले, तीन मोऱ्या."

"राहतं कोण?"

"ऑगस्टात आम्ही."

"आणि बाकीचे अकरा महिने?"

"मारियामाता," त्याची बायको म्हणाली. "मूर्ती, प्लास्टिकखाली."

दुपारी एका बोलिव्हियन बाईने फोनवर तिच्या गावचं, पुनातातलं, घर दाखवलं. निळ्या काचा, कमानी, गच्चीवर सिमेंटचे सिंह. भाऊ रोज संध्याकाळी येऊन दिवे लावतो, चोरांना वाटावं आत कुणीतरी आहे. ती स्वतः इथे तिघींबरोबर एका खोलीत झोपते. दोन्ही रकान्यांत मी एकच शब्द लिहिला: रिकामं.

पेरेंबाईंना फरक हवा आहे. पोर्तुगीज वर कसे आले आणि हे लोक का आले नाहीत. शिक्षण, बचतीची सवय वगैरे. डोकं फिरलं माझं. म्हटलं, बाई, फरक खिशात मावतो, राहण्याच्या परवान्याएवढा आहे. त्या म्हणाल्या, तसा रकाना नाही.

१९ ऑक्टोबर

आमच्या पाचव्या मजल्यावरचं घर दोन्ही याद्यांत आलंय. काका पोर्तुगीज रकान्यात, योवाना दुसऱ्यात. मला दोनदा वर जायची परवानगी! देवच करतो असं काही.

दाराशी काकांचे बूट होते, सिमेंट लागलेले, बाहेरच्या बाजूला टाचा करून. रेडिओवर पोर्तुगीज बातम्या चालू होत्या. त्यांच्या खोलीचं दार बंद.

उत्तरं योवानाने दिली. पाच घरी काम, तासावर. खोलीचं भाडं सांगताना तिने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली आणि तिने आकडा सांगितलाच नाही. "मुलं?" मी विचारलं. हुस्तिनामावशी म्हणाली, "शून्य लिहा."

बरोबर बाराला तिचा फोन वाजला. ती मोरीत गेली, कडी लावली, नळ सोडला. तरी मला ऐकू आलं: "माझं सोनं ते! उठलं का? काही खाल्लं का?" दुपारी बाराला उठणारा कोण हा ऐदी? भेटू दे एकदा, दात घशात घालतो.

साडेबाराला बंद खोलीतून खोकला आला. खोल, धुळीचा, गवंड्याचा. तीनदा, मग थांबून एकदा. लहानपणापासून जिन्यात ऐकलेला तोच. दोघींनी कपाळाला, छातीला हात लावला.

"काका उठले वाटतं," मी म्हणालो.

"कामावरून आले," मावशी म्हणाली. "जेवायला."

दारातून आत कुणी आलं नव्हतं. मी जागचा हललो नव्हतो. तिने ताट वाढलं आणि त्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलं. मी कडी वाजवली, हाक मारली. लोखंड इतकं गार होतं की बोटं चिकटली. "त्यांना बोलायला आवडत नाही हो," योवाना हळूच म्हणाली. तिचा हात माझ्या बाहीवर होता. पुढचं मला फारसं आठवत नाही.

२७ ऑक्टोबर

आईला विचारलं, बेल्मीरोकाका मला भेटत का नाहीत?

"कालच भेटले की मला," ती बटाटे सोलत म्हणाली. "आण तो फॉर्म. मीच भरून आणते."

दहा मिनिटांत घेऊन आली. घरात माणसं: एक. भाडेकरू: कुणी नाही. काकांचं अक्षर हुबेहूब आईसारखं आहे. दोघं एकाच गावचे, एकाच शाळेचं वळण असणार.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आठवडाभर धुक्याचं झाकण शहरावर बसलंय. चौथ्या मजल्याच्या वर इमारत आहे की नाही ते खालून कळत नाही.

सकाळी आईने तांदळाची खीर केली, वर दालचिनीच्या पुडीने तिच्या पद्धतीची जाळी काढली. माझ्या वाट्याला चमचाभर. बाकीची कुठे गेली देव जाणे. विचारलं तर म्हणाली, "खादाडा, चर्चला दिली."

दुपारी बाराच्या आत फुलं घेऊन वर गेलो. दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांचं मेज मांडलेलं, त्यावर काळं कापड. ऊस, कांद्याची पात, मेणबत्त्या, आणि पावाच्या बाहुल्या, चेहरा रंगवलेल्या. मधल्या बाहुलीला मिशा होत्या. तिच्यामागे बेल्मीरोकाकांचा परवान्यावरचा फोटो. पुढे कोबीचं सूप, द्राक्षाच्या दारूचा पेला, आणि तांदळाची खीर, वर दालचिनीची जाळी.

मी दोन गोष्टी एकदम पाहिल्या. एक, योवाना माझ्या आईची खीर शिकलीय. अगदी जाळीसकट! कुणासाठी शिकली असेल? दुसरी गोष्ट मला जरा उशिरा कळली.

"काकांचा फोटो इथे का?"

योवाना पांढरीफटक पडली. हुस्तिनामावशीने मात्र स्टूल पुढे सरकवलं. "बसा. आज मेलेल्यांचा दिवस, बाराला येतील सगळे. उपाशी माणसाला दारातून परत पाठवायचं का, तुमच्यासाठी?"

"काका वारलेत?"

"तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात. तिकडे गावी, स्वतः बांधलेल्या मोठ्या घरात. नवव्या दिवशी इथे आले. बूट काढल्याचा आवाज आला मला. चाळीस वर्षं इथे राहिले. तिकडचं घर त्यांना ओळखतच नव्हतं, कुठे जाणार बिचारे?"

"मावशी, पुरे!" योवाना म्हणाली.

"काय पुरे? पोरांनो, मेलेल्याला लपवता येतं, उपाशी ठेवता येत नाही."

बारा वाजले. मेणबत्त्या सगळ्या एकदम आडव्या झाल्या. खिडक्या बंद होत्या.

मी आईला काही सांगणार नाही. या बायकांनी तिला तीन वर्षं फसवलंय, बिचारी 'कालच भेटले' म्हणते. तिला धक्का बसेल. आणि योवाना तरी काय करणार, छप्पर जाईल म्हणून लपवलं असेल. दोघींनाही मीच सांभाळायला हवं.

साडेबाराला खोकला आला. या वेळी खोलीतून नाही, मेजापाशी. माझ्या अगदी शेजारी.

२ नोव्हेंबर

आज निरोप होता. मावशी म्हणाली, तीन वर्षं आत्मा नवा असतो, दरसाल येतो, रेंगाळतो. तीन वर्षं झाली की त्याला नीट पाठवायचं असतं. मग त्याने पुन्हा वळायचं नाही.

बाराच्या ठोक्याला ती उभी राहिली. "जा आता, बेल्मीरो. शिदोरी बांधलीय. बूट घाला. गवंड्याचं काम तिकडेही असेलच, नाहीतर आराम करा. आमच्यातल्या कुणाला सोबत ओढू नका." योवाना रडत होती. मग त्यांनी मेज मोडायला घेतलं आणि मेजावरचं सगळं मला वाढलं. सूपला चव नव्हती. मीठ घातलं, पुन्हा घातलं, तरी काही नाही. खीर म्हणजे ओली माती. "ते घेऊन गेले चव," मावशी समाधानाने म्हणाली.

साडेबारा झाले. काहीच ऐकू आलं नाही. इमारतीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मावशीने काकांची खोली उघडली. पलंग, खुर्ची, भिंतीतलं कपाट. कपाट रिकामं होतं. मी वाकून आत पाहिलं तर आतल्या फळीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पेन्सिलीने काढलेला सूर्य होता. त्याखाली चार-चार रेघा आणि पाचवी आडवी, असे पुष्कळ गठ्ठे. काका दिवस मोजत होते की काय, तेही कपाटात बसून?

५ नोव्हेंबर

पाचव्या मजल्यावरची बेल वाजवली. एरवी इंचभर उघडणारं दार मावशीने सताड उघडलं. "नाहीत," ती म्हणाली. "बेल्मीरो इथे नाहीत. आता कुणीही विचारलं तरी हेच सांगणार."

"पण तीन वर्षं तुम्ही—"

"तीन वर्षं ते होते. घरात आहेत म्हणत होतो ते खोटं नव्हतं. आता खोटं होईल. मी मरणाच्या वयाची बाई, मेलेल्याच्या नावाने खोटं बोलणार नाही."

मग योवानाने मला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. बिनपरवान्याच्या लोकांना कागद द्यायची योजना डिसेंबरअखेर बंद होतेय. दहा वर्षं इथे राहिल्याचा पुरावा लागतो. तिचं वीजबिल नाही, भाडेपावती नाही, पत्रपेटीवर नाव नाही. युनियनच्या मदतकेंद्रात सांगितलं, परवानाधारक शेजारी लेखी साक्ष देईल का बघा. म्हणजे अर्जात हा पत्ता येणार, आणि काकांचं काय झालं तेही येणार.

"आईची साक्ष घेऊ," मी म्हणालो. "तिच्याइतकं कोण सांगणार?"

योवाना माझ्याकडे बघत राहिली, जसं तापाच्या माणसाकडे बघतात. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "आईंना विचारा. पण ओरडू नका हो त्यांच्यावर. तुमचं ओरडणं जिन्यातून वर येतं."

६ नोव्हेंबर

ओरडलो.

आई बटाटे सोलत होती. मी म्हणालो, काका मेलेत, तुला माहीत आहे. तिने चाकू थांबवला नाही. "बस. जेवून घे."

"वरचं भाडं कुणाला मिळतं?"

"मला. त्यातलं इमारतीच्या कंपनीला भरायचं ते भरते काकांच्या नावाने. उरतं ते उरतं." मग चाकू ठेवला. "तुझी दोन वर्षांची युनिव्हर्सिटी कशावर झाली असं वाटत होतं तुला, जिने पुसून? तुझा बाप परांचीवरून पडला तेव्हा तू सात वर्षांचा होतास."

"त्या दोघी माणसं आहेत, आई. तू त्यांना—"

"मला शिकवू नकोस त्या काय आहेत ते!" ती इतक्या मोठ्याने कधी बोलत नाही. मग एकदम आवाज उतरला. "आम्ही हंगामी मजूर होतो. नऊ महिने कामाला या, मुलं आणायची नाहीत. ओदिलियाला गाडीच्या मागच्या बाजूला घोंगड्याखाली घालून आणली. चार वर्षांची होती तुझी ताई. अडीच वर्षं काकांच्या त्या खोलीत ठेवली. कुणी बेल वाजवली की कपाटात. खेळायचं नाही, पळायचं नाही. तिला हिवाळाभर खोकला. काका साडेबाराला जेवायला यायचे आणि दाराशी बसून मोठमोठ्याने खोकायचे, रोज, ती खोकली तर शेजाऱ्यांना त्यांचाच वाटावा म्हणून. फुप्फुसं तर नंतर बिघडली त्यांची."

ओदिलियाताई अजूनही हसताना तोंडावर हात धरते. मला वाटायचं, दात वाकडे आहेत म्हणून.

"मग तू तरी योवानासाठी साक्ष द्यायला हवीस," मी म्हणालो.

"मी कपाटातून बाहेर यायला तीस वर्षं घेतली. पुन्हा आत नाही जाणार. साक्ष दिली तर ही जागा गेली, काम गेलं, कदाचित परवानासुद्धा. कुणासाठी? त्यांनी दर महिन्याला पैसे दिले, मी छप्पर दिलं. आम्हाला तेवढंही कुणी दिलं नव्हतं."

"काकांनी दिलं. फुकट."

तिने मला थोबाडीत मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

७ नोव्हेंबर

बोलणं नाही. तिने माझं ताट वाढून टेबलावर ठेवलं आणि झाकलं. सूप खारट वाटलं. आज मला खारट आवडलं.

१० नोव्हेंबर

आई चर्चमध्ये मिसाला गेल्यावर फोटोंचे अल्बम काढले. युरो कप आमच्या शहरात झाला तो उन्हाळा, मी बारा वर्षांचा, जिन्यात झेंडा अंगाला गुंडाळून उभा. मागे, कठड्याच्या वरच्या वळणावर, एक बाई बॅग धरून थांबलीय, फोटो संपायची वाट बघत. चेहरा अर्धा. योवाना.

मग मी एकेक पान उलटत गेलो. माझा तेरावा वाढदिवस, दारातून फोटो काढलेला: मागे पायरीवर सपाता घातलेला पाय. नाताळ: आरशात एक कोपर, हातात बादली. ओदिलियाताईचं लग्न, आम्ही सगळे प्रवेशद्वारात, पांढऱ्या झग्यामागे ती भिंतीला चिकटलेली. मी मिशा फुटल्याचा फोटो काढला त्यातही ती, लिफ्टच्या काचेत. एकूण चौदा फोटो. एकाही फोटोत आमच्यापैकी कुणी तिच्याकडे बघत नाहीये. दहा वर्षं आमच्या प्रत्येक आनंदाच्या कडेला हे माणूस उभं होतं. मृत माणसाला ताट वाढलं जात होतं आणि जिवंत बाईला आम्ही ओलांडून जात होतो.

प्रत्येकामागे फोटो स्टुडिओची तारीख आहे. पुरावा याहून कुठला मोठा?

१४ नोव्हेंबर

बाराला जरा कमी असताना फोटो घेऊन वर गेलो. भाषण पाठ केलं होतं. मी साक्ष देतो, आईचं मी बघतो, तुमच्यासाठी मी काहीही, वगैरे. योवानाने फोटो मेजावर एकेक करून मांडले. मग त्या नाताळच्या कोपरावर बोट ठेवून म्हणाली, "हा स्वेटर हरवला होता माझा."

फोन वाजला. ती उठली नाही. मोरीत गेली नाही. फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर दोन वेण्यांची मुलगी, शाळेच्या पांढऱ्या कोटात, पाव खात होती. मागे सकाळचं ऊन.

"आई, हा कोण?"

"हा चांगला मुलगा आहे, सोन्या. केअरटेकरबाईंचा."

नाव निल्दा. अकरा वर्षांची. एक वर्षाची असताना आजीजवळ ठेवून आली. तेव्हापासून भेट नाही; इथून बाहेर पडली तर परत येता येत नाही. कागद मिळाले तर फेब्रुवारीत शाळेच्या पहिल्या दिवशी जाता येईल.

पेरेंबाईंच्या फॉर्मवर माझ्याच हाताचा शून्य आहे.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्ही केअरटेकरबाईंचा मुलगा," योवाना म्हणाली. "मी तुमच्याशी गोड बोलायचे ते का, तुम्हाला काय वाटलं?" मग तिने माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. तिने हात जोडल्यासारखे तोंडावर नेले. "अरे देवा! नाही हो. अरे बाळा, नाही."

बाळा. पहिल्यांदाच तिने मला अरे म्हटलं.

खाली येताना प्रत्येक पायरी मोजली. एक्क्याऐंशी. फोटो तिथेच ठेवले.

१५ नोव्हेंबर

दिवसभर नदीकाठी भटकलो. सोडून देऊ का सगळं, असंही वाटलं. तिचं माझ्यावर काही नाही. मग आईची भाकरी मी कशाला काढून घ्यायची? हा विचार मी पूर्ण अर्धा तास केला. लिहून ठेवतो, कारण नंतर मी तो केलाच नाही असं म्हणेन.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

हे युनियनच्या मदतकेंद्रातल्या बाकावर बसून लिहितोय. माझ्यापुढे सात जण आहेत.

सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर साक्ष लिहिली, आईच्या समोर. मी नेलिओ, या इमारतीत जन्मलो. योवाना तेराझास हिला दहा वर्षांपासून पाचव्या मजल्यावर राहताना पाहिलं. 'पाहिलं' हा शब्द खोडला, 'राहत होती' लिहिलं. खाली बेल्मीरो किंताश यांचं निधन झाल्याची ओळ. सही.

आई गॅससमोर पाठमोरी होती. "पत्ता लिहिलास?"

"हो."

"आणि माझं नाव?"

"ते विचारलेलं नाही. विचारलं तर खोटं नाही सांगणार."

"ती तुझ्याशी लग्न करणार आहे का?"

"नाही."

तिने वळून पाहिलं. मला वाटतं ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत होती.

"दुपारी कंपनीला मीच फोन करते," ती म्हणाली. "त्यांनी तुझ्याकडून ऐकायला नको." मग हात पुढे केला. "किल्ली."

मी घराची किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती एप्रनच्या खिशात टाकली. मग खुंटीवरचा माझा कोट काढून माझ्या अंगावर फेकला.

"बीझचा गार वारा सुटलाय. नाक-कान गळून पडतील."

आमचं दार किल्लीशिवाय फक्त आतूनच उघडतं. ओढलं की कुलूप आपोआप बसतं. मी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली, कागद आतल्या खिशात ठेवला. ती गॅसकडे वळली होती. मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.